तिसरं पीक

सूफ्रिएर गावाच्या वरच्या डोंगरावर जेड माउंटन नावाचं हॉटेल आहे. तिथल्या खोल्यांना भिंती तीनच. चौथी बाजू सताड उघडी. ना काच, ना दार. पलंगावरून उठलं की समोर खोलीतलाच पोहण्याचा तलाव, तलावाच्या काठाखाली गर्द झाडी आणि त्यापलीकडे समुद्रातून सरळ वर आलेले दोन सुळके. खोलीत टीव्ही नाही, टेलिफोन नाही. वारा येतो तो त्या उघड्या बाजूनं. प्रत्येक खोलीला जायला स्वतंत्र पूल आहे, त्यामुळे शेजारी कोण उतरलंय याचा पत्ता लागत नाही. वास्तुरचनाकार निक ट्रुबेट्स्कॉय यांचं हे हॉटेल 2006 मध्ये सुरू झालं. एका रात्रीसाठी हजार अमेरिकी डॉलरहून जास्त मोजून जोडपी इथे येतात, ती कुणी मध्ये येऊ नये म्हणून.

हा एकांत विकणारा देश म्हणजे सेंट लुसिया. कॅरिबियन समुद्राच्या पूर्व कडेला, मार्टिनिक आणि सेंट व्हिन्सेंट या बेटांच्या मधोमध. क्षेत्रफळ सुमारे 617 चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईपेक्षा किंचित जास्त. वस्ती जेमतेम 1 लाख 80 हजार. पर्यटन व्यवसायातल्या ‘वर्ल्ड ट्रॅव्हल अवॉर्ड्स’मध्ये जगातलं अव्वल हनिमून-स्थळ हा किताब या बेटानं अनेकदा पटकावला आहे. कुणी लग्न झाल्यावर येतं, कुणी लग्न लावायलाच येतं, कुणी लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला येतं.

हनिमून हे बेटाचं तिसरं पीक. पहिलं साखरेचं, दुसरं केळीचं. तिन्ही पिकांचं गिऱ्हाईक सातासमुद्रापलीकडचं. आधीच्या दोन पिकांनी बेटाला काय दिलं आणि कसा दगा दिला, हे समजून घेतलं की तिसऱ्याचा हिशेब नीट मांडता येतो.

फक्त दोघांसाठी

केवळ जोडप्यांनाच खोली द्यायची, ही युक्ती सेंट लुसियाची नाही. ती जमैकाची. तिथल्या ओचो रिओस गावी एब इसा यांनी 1949 मध्ये टॉवर आइल हॉटेल काढलं होतं. इसा कुटुंबानं 1978 मध्ये त्याला ‘कपल्स’ असं नाव देऊन नवा नियम केला: यायचं तर दोघांनी यायचं, आणि राहणं, खाणं, पिणं, नौकाविहार या सगळ्याचे पैसे एकदाच भरायचे. त्या दशकात जमैकातल्या राजकीय हिंसाचाराच्या बातम्यांनी पाहुणे बिचकलेले होते. हॉटेलच्या फाटकाबाहेर पाऊल न टाकता सुट्टी पार पडते, ही गोष्ट त्यांना सोयीची वाटली. 1981 मध्ये मॉन्टेगो बे इथे गॉर्डन ‘बुच’ स्ट्युअर्ट यांनी ‘सँडल्स’ काढलं आणि या सोयीचा मोठा धंदा उभा केला.

सेंट लुसियात सँडल्सची तीन हॉटेलं आहेत. एकात उतरलेल्या पाहुण्याला उरलेल्या दोन्हींतही जाऊन जेवता-पोहता येतं. बक्षिशीसुद्धा आधीच भरलेल्या पैशांत. नव्या नवरा-नवरीला रोज संध्याकाळी बिलावर सही करावी लागत नाही, दोघांतलं कोण पैसे देणार हा प्रश्न उठत नाही आणि आजूबाजूला लहान मुलांचा आरडाओरडा नसतो. जोडपं म्हणजे एक पुरुष आणि एक स्त्री, असा सँडल्सचा नियम होता. बरीच टीका झाल्यावर 2004 मध्ये तो मागे घेतला गेला. खुद्द सेंट लुसियातला समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारा कायदा न्यायालयानं रद्द केला तो 2025 मध्ये. प्रेमाच्या नावानं चालणाऱ्या बाजारातही कुणाचं प्रेम चालणार, हे बराच काळ दुसऱ्याच कुणी ठरवत होतं.

साखर आणि माणसं

फ्रेंच आणि इंग्रज या बेटासाठी इतके झगडले, की त्याची मालकी चौदा वेळा बदलली असं तिथे शाळेपासून शिकवतात. म्हणून, जिच्यासाठी ट्रॉयचं युद्ध झालं त्या ग्रीक हेलनवरून, त्याला ‘वेस्ट इंडीजची हेलन’ म्हणतात. 1814 मध्ये ते कायमचं इंग्रजांकडे गेलं, तरी गावांची नावं, आडनावं आणि क्वेयोल ही बोली फ्रेंच वळणाचीच राहिली. स्वातंत्र्य मिळालं 22 फेब्रुवारी 1979 रोजी.

हे झगडे मुळात साखरेसाठी होते. साखर म्हणजे मळे, आणि मळे म्हणजे आफ्रिकेतून धरून आणलेली गुलाम माणसं. फ्रेंच राज्यक्रांतीच्या लाटेत 1794 मध्ये गुलामगिरी रद्द झाली, सूफ्रिएरच्या चौकात गिलोटिन उभं राहिलं. इंग्रजांनी बेट पुन्हा घेतलं तेव्हा सुटलेले गुलाम डोंगरात शिरून त्यांच्याशी लढले. नेपोलियननं 1802 मध्ये फ्रेंच वसाहतींत गुलामगिरी परत आणली. त्याची पत्नी जोसेफिन शेजारच्या मार्टिनिकची, साखरमळेवाल्यांची मुलगी. तिच्या घरच्यांची जमीन सूफ्रिएरजवळही होती, आणि ती जन्मली आमच्याच बेटावर, असा दावा सेंट लुसियात आजही केला जातो. हनिमूनच्या बेटाला सम्राज्ञी शोभून दिसते. मार्टिनिकच्या लोकांना मात्र ती गुलामगिरीची खूण वाटते. तिथल्या तिच्या पुतळ्याचं डोकं 1991 मध्ये उडवलं गेलं आणि 2020 मध्ये पुतळाच पाडला गेला.

इंग्रजांच्या वसाहतींतली गुलामगिरी 1830 च्या दशकात संपली आणि मळ्यांवर माणसं मिळेनात. तेव्हा हिंदुस्थानातून गिरमिटिये, म्हणजे मुदतीच्या करारावरचे मजूर, आणले गेले. ‘पाल्मायरा’ हे त्यांचं पहिलं जहाज 6 मे 1859 रोजी बेटाला लागलं. 1893 मधलं शेवटचं जहाज ‘व्होल्गा’ राजधानी कॅस्ट्रीजजवळ फुटलं. या काळात चार हजारांहून जास्त माणसं आली, बहुतेक आजच्या बिहार आणि उत्तर प्रदेशातली. काही मुदत संपल्यावर परतली, बाकीची तिथलीच झाली. त्याच पद्धतीनं मॉरिशसला गेलेल्या मराठी माणसांनी तिथे गणपती आणि भाषा दोन्ही जपली. सेंट लुसियातले भारतीय संख्येनं फार थोडे. त्यांच्यासाठी शाळा काढल्या त्या कॅनडाच्या मिशनऱ्यांनी. काही पिढ्यांत बोली गेली, देव बदलले, नावं बदलली. उरलं ते स्वयंपाकघरात: करी, डाळ आणि रस्त्याकडेला मिळणारी रोटी. तिथली रोटी म्हणजे पोळीत गुंडाळलेली बटाटा-कोंबडीची करी, हातात धरून खायची.

साखरेचे भाव युरोपातल्या बिटाच्या साखरेनं पाडले आणि 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला बेटावरची साखर संपली. रोझो खोऱ्यातला रमचा कारखाना अजून चालतो. ज्या खोऱ्यात एके काळी ऊसच ऊस होता, तिथल्या कारखान्याला मळी बाहेरून मागवावी लागते.

हिरवं सोनं

उसाच्या जागी केळी आली. इथे मळेवाल्यांचं राज्य संपलं आणि छोटा शेतकरी पुढे आला. डोंगरउतारावरच्या दोन-चार एकरांत केळी लावायची, घड निळ्या प्लास्टिकच्या पिशवीत झाकायचा, ठरलेल्या दिवशी बंदरावर पोचवायचा. बोट थेट ब्रिटनला. दर आठवड्याला हातात पैसा येई. त्यातून घरं बांधली गेली, मुलं शिकली. लोक केळीला ‘हिरवं सोनं’ म्हणत. 1990 च्या सुमारास बेटावरून वर्षाला सव्वा लाख टनांहून जास्त केळी निर्यात होत होती.

ब्रिटन आपल्या जुन्या वसाहतींच्या केळीला सवलत देत असे, हा सगळा डोलारा त्या सवलतीवर उभा होता. युरोपची बाजारपेठ एक झाली आणि भाव घसरू लागले. 1993 मध्ये वाढीव भावासाठी शेतकऱ्यांनी संप केला. पोलिसांच्या गोळीबारात दोघे मारले गेले. मग अमेरिकेनं ग्वाटेमाला, होंडुरास, मेक्सिको आणि इक्वेडोर यांना बरोबर घेऊन जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली. अमेरिकेत केळी पिकत नाहीत म्हटलं तरी चालेल. प्रश्न होता तो लॅटिन अमेरिकेत अवाढव्य मळे असलेल्या अमेरिकी कंपन्यांचा. जिनिव्हातल्या सुनावणीत सेंट लुसियानं नेमलेल्या खासगी वकिलांना आधी दालनाबाहेर जायला सांगितलं गेलं. पुढे अपिलात त्यांना बसायची मुभा मिळाली, पण 1997 चा निकाल विरोधातच गेला. डोंगरउतारावर खुरप्यानं काढलेली केळी सपाट जमिनीवरच्या यांत्रिक मळ्यांशी भावात टिकणं शक्यच नव्हतं. पुढच्या दीड दशकात निर्यात निम्म्याहूनही खाली आली, हजारो कुटुंबांनी केळी सोडली. 2010 च्या ऑक्टोबरअखेरीस आलेल्या टोमास चक्रीवादळानं उरलेल्या बागाही झोपवल्या.

केळीतून सुटलेली माणसं हॉटेलांत आली. शेतीतलं जास्तीचं मनुष्यबळ आधुनिक क्षेत्रात गेलं की गरीब देशाची वाढ होते, हा अर्थशास्त्रातला गाजलेला सिद्धांत 1954 मध्ये मांडणारे सर आर्थर लुईस याच बेटाचे. 1979 चं अर्थशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. त्यांच्या डोळ्यांसमोर होते ते कारखाने. त्यांच्या बेटाला मिळालेलं आधुनिक क्षेत्र चादरी बदलण्याचं आणि पेले भरण्याचं निघालं.

हेलन कामावर आहे

लुईस यांच्यानंतर तेरा वर्षांनी बेटाला दुसरं नोबेल मिळालं, साहित्याचं. डेरेक वॉलकॉट कॅस्ट्रीजचे. योगायोग असा, की दोघांचा वाढदिवस एकच, 23 जानेवारी. 1992 च्या नोबेल व्याख्यानाची सुरुवात वॉलकॉट यांनी त्रिनिदादमधल्या फेलिसिटी या खेड्यातल्या रामलीलेनं केली. गिरमिटियांच्या नातवंडांनी उसाच्या रानाशेजारी उभं केलेलं रामायण त्यांना आपल्या कॅरिबियन प्रदेशाची ओळख वाटलं. पर्यटकांच्या माहितीपत्रकांत हा प्रदेश नुसता निळा समुद्र होऊन जातो, माणसं आणि त्यांचं दुःख दिसेनासं होतं, हीही तक्रार त्याच व्याख्यानात आहे.

1990 च्या ‘ओमेरॉस’ या त्यांच्या महाकाव्यातली हेलन ही ट्रॉयच्या युद्धातली राणी नाही. ती सेंट लुसियातली काळी, देखणी, कुणापुढे मान न झुकवणारी बाई आहे. गोऱ्या जोडप्याकडे ती मोलकरीण असते आणि काव्याच्या शेवटाकडे आपल्याला भेटते ती हॅल्सियन हॉटेलात, राष्ट्रीय वेश घालून, पाहुण्यांना वाढताना. ते हॅल्सियन आज सँडल्सच्या तीन हॉटेलांपैकी एक आहे. ज्या बेटाला हेलन मानून दोन साम्राज्यं लढली, त्या बेटाची हेलन शिफ्टमध्ये काम करते, हे वॉलकॉट यांनी धंदा ऐन भरात येण्याआधीच लिहून ठेवलं होतं.

हॉटेलांवरून त्यांचं भांडणही झालं. ग्रो पितों आणि पेती पितों हे ते समुद्रातले दोन सुळके. पेती पितों 743 मीटर, ग्रो पितों त्याहून थोडा उंच. ते देशाच्या झेंड्यावर आहेत, बिअरच्या बाटलीवरही आहेत. दोघांच्या मधल्या खोऱ्यातली जालूझी इस्टेट 1980 च्या दशकात कॉलिन टेनन्ट या इंग्रज उमरावानं विकत घेतली आणि तिथे हौसेनं एक हत्तीण आणून ठेवली. नंतर तिथे मोठं हॉटेल झालं. देवळाच्या गाभाऱ्यासारख्या जागी हॉटेल कसलं, असा वॉलकॉट यांचा आक्षेप होता. हॉटेल झालंच. 2004 मध्ये युनेस्कोनं दोन्ही सुळक्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला आणि हॉटेलवाल्यांनाच तो आयता जाहिरातीला मिळाला. इथली वाळू मुळात ज्वालामुखीची, काळपट. माहितीपत्रकातला किनारा पांढरा हवा, म्हणून त्या हॉटेलापुढे गयानाहून आणलेली पांढरी वाळू पसरली आहे.

फाटकाबाहेर

सगळे किनारे कायद्यानं सार्वजनिक आहेत. अडचण असते ती किनाऱ्याकडे जाणाऱ्या वाटेची, कारण ती बहुधा हॉटेलच्या आवारातून जाते. उलट बाजूनंही फाटक आड येतंच. पाहुण्यांना कुणी अडवत नाही, पण सगळं आधीच भरलेलं असताना बाहेर जाऊन पुन्हा पैसे का मोजायचे, या विचारानं पुष्कळ जोडपी आठवडाभर फाटकाच्या आतच राहतात आणि बेट न बघताच परततात.

बाहेर पडलं तर काय आहे? पहाटे ग्रो पितोंची चढण आहे. चढण सुरू होते फों जां लिब्र या वस्तीतून, डोंगरात लपून लढलेल्या मुक्त गुलामांनी वसवलेल्या. गावातला वाटाड्या घेतल्याशिवाय वर जायचं नसतं, त्यामुळे चढाईचा पैसा गावात राहतो आणि इतिहास सांगणाराही त्याच मातीतला असतो. सूफ्रिएरजवळ गंधकाचे झरे आहेत. मोटार जवळपास त्यांच्या तोंडाशी जाते. उकळता राखाडी चिखल, सडक्या अंड्यांचा वास, आणि खालच्या अंगाला कोमट पाण्याच्या टाक्या, जिथे नवपरिणीत दांपत्यं एकमेकांच्या तोंडाला चिखल फासत बसतात. शुक्रवारी रात्री ग्रोस आयलेट गावात रस्ते गाड्यांना बंद होतात. कोळशाच्या शेगड्या, रम आणि स्पीकरच्या भिंती. आन्स ला रे या कोळी गावात त्याच रात्री मासळीचा बाजार आणि जेवण एकत्रच असतात.

खरी चव मात्र सकाळची. देशाचं अधिकृत जेवण म्हणजे ‘ग्रीन फिग अँड सॉल्टफिश’. इथली ‘हिरवी अंजिरं’ म्हणजे कच्ची केळी. ती सालासकट मिठाच्या पाण्यात उकडतात. खारवलेला कॉड रात्रभर भिजवून, उकळून, काटे काढून कांदा, भोपळी मिरची आणि थाइमच्या पाल्याबरोबर परततात. खारा कॉड उत्तर अटलांटिकहून आला तो गुलामांना स्वस्तात पोसता यावं म्हणून. पावसाळ्याची बेगमी म्हणून सुकी मासळी राखणाऱ्या कोकणी घराला ही थाळी परकी वाटणार नाही. सोबत कोको टी: कोकोच्या घरगुती कांडीचा किस, दालचिनी, जायफळ, तमालपत्र आणि दूध घालून उकळलेला, वर तेलाचे ठिपके तरंगत असलेला.

मराठी घरांना या बेटाची ओळख आहे ती क्रिकेटमुळे. 24 जून 2024 रोजी रोहित शर्मानं ऑस्ट्रेलियाविरुद्ध 41 चेंडूंत 92 धावा फटकावल्या, ते मैदान ग्रोस आयलेटचं, आणि त्याला नाव आहे डॅरेन सॅमीचं. सॅमी बेटावरचा पहिला कसोटीपटू. दोन टी-20 विश्वचषक जिंकणारा कर्णधार. त्याच 2024 च्या ऑगस्टमध्ये ज्युलियन अल्फ्रेडनं पॅरिसला 100 मीटर शर्यत 10.72 सेकंदांत जिंकून देशाला पहिलंवहिलं ऑलिंपिक पदक मिळवून दिलं, आणि तेही सुवर्ण.

जायचं असेल तर वाट लांबची. भारतातून थेट विमान नाही. लंडन किंवा अमेरिकेतून बदलून जावं लागतं. मोठी विमानं दक्षिणेकडच्या हेवानोरा विमानतळावर उतरतात, बरीचशी हॉटेलं उत्तर टोकाला आहेत आणि मधला रस्ता वळणावळणाचा. डिसेंबर ते एप्रिल हा कोरडा आणि महागडा मोसम. जून ते नोव्हेंबर चक्रीवादळांचे महिने, भाव उतरलेले. पण ऑक्टोबरचा शेवटचा रविवार या पडत्या मोसमातच येतो, आपल्या दिवाळीच्या आगेमागे. तो क्वेयोल दिवस: बायका-पुरुष चौकड्यांचे मद्रास कापडाचे कपडे घालतात, रेडिओवर दिवसभर क्वेयोल, अंगणात मोठाल्या भांड्यांतून रांधणं. हे मद्रासी कापड एके काळी खरोखरच मद्रासकडून व्यापारी जहाजांनी इथवर आलं होतं.

भाव कोण ठरवणार?

तिसरं पीकही एका वाऱ्यानं आडवं होऊ शकतं. मार्च 2020 मध्ये विमानं थांबली आणि साऱ्या बेटाची रोजी बुडाली. दुसरं दुखणं रोजचं. जोडपं पैसे भरतं ते लंडन-न्यूयॉर्कमध्ये, हॉटेलचे मालक बरेचदा परदेशी, ताटातला बटाटा आणि चीजही बोटीनं आलेलं. मग बेटावर राहतो तो पगार आणि कर. बेटावरचेच काही लोक या गळतीवर काम करताहेत. ‘हेल्पर’ म्हणून शेतात राबणाऱ्या पण शेतकरी म्हणून कुणी न मोजलेल्या बायकांना ‘हेलेन्स डॉटर्स’ ही तिथली संस्था पीक काढण्याचं शिक्षण आणि ग्राहक मिळवून देते. जुन्या कोको इस्टेटींवर पाहुणे बी सोलण्यापासून चॉकलेटपर्यंतचं काम स्वतः करतात. पूर्वी युरोपला पोत्यांनी जाणारा माल आता शेताच्या बांधावरच मोल मिळवतो.

साखरेचा भाव लंडननं ठरवला, केळीचा जिनिव्हानं. दोन्ही मालांना बोटीत चढल्यावर तोंड नव्हतं. खाणाऱ्याला पिकवणारा कधी दिसलाच नाही. हनिमूनचं गिऱ्हाईक स्वतःच्या पायानं शेतात येतं. त्याला मातीचा वास देता येतो, कच्च्या केळ्यांचा नाश्ता वाढता येतो, डोंगर चढवताना गुलामांच्या बंडाची गोष्ट ऐकवता येते आणि या सगळ्याचे पैसे हातोहात घेता येतात. आधीच्या दोन पिकांत बेटाला ही संधी कधी मिळाली नव्हती. दोघांनी एकांतासाठी जरूर जावं. त्यातली निदान एक सकाळ फों जां लिब्रच्या वाटाड्याला आणि एक रात्र आन्स ला रेच्या शेगडीला द्यावी. या पिकाचा भाव ठरवण्यात बेटाचा जो काही हात असेल, तो अशाच फाटकाबाहेरच्या खर्चातून मजबूत होणार आहे.